सहाशे अकरावी नोंद

१४ मार्च

भावजी,

आशीर्वाद. फोन न करता कागदावर लिहितेय, कारण फोनवर माझा धीर सुटतो, आणि कॉम्प्युटरवरून काही पाठवायची आता भीती वाटते. का ते सांगते.

काल लिफ्ट सुरक्षा खात्याचं पत्र आलं. बाजारामागच्या प्रसूतिगृहाची लिफ्ट २७ फेब्रुवारीला दुसऱ्या मजल्यावरून खाली घसरली. आत एकटी आयाबाई होती, चादरींची ट्रॉली घेऊन. तिचा खुबा मोडला. पेपरात चार ओळी आल्या होत्या, त्या वाचून मी पान उलटलं होतं. आता खातं म्हणतं की ही लिफ्ट 'योग्य' असल्याचा दाखला यांच्या सहीने दिलेला आहे. दाखल्याची तारीख २० जानेवारी, यांची नोंद क्रमांक ६११.

हे गेले ९ जानेवारीला. सकाळी पावणेनऊला, बसस्टॉपवर, हातात कामाची पिशवी. हे तुम्हाला सांगायला नको, खांदा द्यायला तुम्ही होतात. तरी काल मी कॅलेंडरसमोर उभी राहून बोटाने दिवस मोजले. अकरा भरतात.

सव्वीस वर्षं यांनी लिफ्ट तपासल्या. दोराची एक तार जरी सुटलेली दिसली तरी लिफ्ट बंद करून घरी यायचे, मालकाने कितीही विनवण्या केल्या तरी. म्हणून हे पत्र मला नुसतं चुकीचं वाटत नाही, घाण वाटतं.

लिफ्टचे दाखले जिच्यात चढतात ती सामाईक नोंदवही तुमच्याच कंपनीने बनवली. माझ्या स्वयंपाकघरात बसून तुम्हीच सांगितलं होतंत की एकच वही नऊ ठिकाणी ठेवलेली असते, खात्यात, विमावाल्यांकडे, लिफ्ट बनवणाऱ्यांच्या संघाकडे, तुमच्याकडे. प्रत्येक जण सही तपासतो आणि मगच नोंद घेतो. खोटी सही आत शिरूच शकत नाही. मग नऊच्या नऊ जणांनी मेलेल्या माणसाची सही मान्य कशी केली?

माझा संशय कुणावर आहे तेही लिहिते. ओळंबा. हा यांचा कामातला जोडीदार खिशात सदा गवंड्याचा ओळंबा घेऊन फिरतो, म्हणून सगळे त्याला त्याच नावाने ओळखतात. तो १७ जानेवारीला आला होता, अवजारं न्यायला म्हणून. यांच्या टेबलाशी अर्धा तास एकटा बसला. मी पाणी घेऊन गेले तर बटणांच्या डब्याकडे बघत होता. यांची किल्ली त्याच डब्यात असते. अंगठ्याएवढी आहे, लॅपटॉपला लावून वरचं बटण दाबलं की सही होते. जाताना म्हणाला, "वहिनी, हा लॅपटॉप कुणाला उघडू देऊ नका. तुम्हीही उघडू नका. असं करा, माझ्याकडेच द्या."

मी म्हटलं, "ती त्यांची वस्तू आहे. इथेच राहील."

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. भावजी, इथे पाणी मुरतंय. कुठे, ते तुम्ही शोधून द्या.

तुमची,
वहिनी

—

२१ मार्च

वहिनी,

नमस्कार. तुमचं पत्र पोचलं.

आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर. दादाच्या किल्लीचे दोन भाग आहेत. एक गुप्त, तो त्या अंगठ्याएवढ्या वस्तूत बंद आहे, बाहेर काढता येत नाही. दुसरा उघडा, तो नऊही ठिकाणी दिलेला आहे. गुप्त भागाने सही होते, उघड्या भागाने ती तपासता येते. दाखल्यातलं एकेक अक्षर त्या सहीत गुंतलेलं असतं. कुणी एक स्वल्पविराम जरी हलवला तरी सही मोडते आणि नऊही जण ती नोंद परत फेकतात.

शिवाय प्रत्येक तपासनिसाच्या नोंदींना ओळीने क्रमांक असतो. दादाची ६१० आत गेली की पुढची ६११ हवी. आणि ६११ एकदा लागली की त्याच क्रमांकाची दुसरी कुठलीही नोंद घेतली जात नाही. त्यामुळे एका नोंदीच्या दोन होत नाहीत.

मी आमच्या प्रतीतून ६११ काढून स्वतः तपासली. सही जुळते. दादाच्याच किल्लीची आहे. तुम्हाला खोटं वाटू नये म्हणून पडताळणीचा छोटा प्रोग्रॅम पेनड्राइव्हवर घालून पाठवतो. तुमच्या भाचीच्या कॉम्प्युटरवर चालवा, दादाच्या नको.

वहीला मेलेला-जिवंत कळत नाही, वहिनी. तिला फक्त सही जुळते की नाही एवढंच कळतं.

ओळंब्याबद्दल इतक्यात काही बोलू नका. खात्याला काही लिहूनही देऊ नका. एक विचारायचं होतं. २० जानेवारीला घरी कोण कोण होतं? सहज विचारतोय.

तुमचा,
भावजी

—

२७ मार्च

भावजी,

"सहज विचारतोय" असं लिहिणारा माणूस कधी सहज विचारत नाही. तरी उत्तर देते. माझी बहीण १८ तारखेलाच गेली. २० तारखेला मी एकटी होते. दाराची कडी आतून लावलेली. कुणी आलं नाही, गेलं नाही. त्या दिवशी दूधवाल्याकडूनसुद्धा मी खिडकीतूनच पिशवी घेतली.

तुमचा प्रोग्रॅम भाचीने लावून दिला आणि ती तिच्या कामाला गेली. मी एकटीच बसले. शाळा माझी सातवीत सुटली, पण छापलेलं काही सोडायचं नाही ही सवय सुटली नाही. पुड्याचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाही. तुमची सूचनाही तशीच वाचत वाचत केली. ६११ चा मजकूर घातला, खाली सहीचे ते लांबलचक आकडे, शेजारी यांची उघडी किल्ली. हिरवं आलं. 'सही जुळते.'

मग 'योग्य'च्या आधी एक 'अ' लावून पाहिला. लाल. 'अ' काढला. पुन्हा हिरवं. असं मी किती वेळा केलं कुणास ठाऊक. भाची परत आली तेव्हा म्हणाली, "मावशी, खेळतेस काय?" खेळत नव्हते. सव्वीस वर्षांत यांनी मला पत्र लिहिलं नाही, कारण आम्ही कधी लांब राहिलोच नाही. आणि आता आकड्यांची एक ओळ म्हणते, हे त्यांचंच आहे, त्यांनीच लिहिलंय. गेल्यानंतर.

आता तुम्हाला न आवडणारी गोष्ट. तुमचं पत्र यायच्या आधीच, १९ मार्चला, मी खात्याला लेखी जबाब दिला. ओळंबा टेबलाशी बसला होता, त्याला किल्लीचा डबा माहीत होता, तो लॅपटॉप मागत होता, सगळं लिहिलं. त्याचा परवाना सुनावणीपर्यंत थांबवला आहे. सुनावणी १८ एप्रिलला. ती त्याच्या विरोधात गेली तर परवाना कायमचा जाईल आणि वर फौजदारी.

मी चुकीचं केलं असं मला वाटत नाही. १७ तारखेला त्याने किल्लीचं बटण दाबून ठेवलं असेल आणि वहीने ते २० तारखेला घेतलं असेल. असं होतं का? हो किंवा नाही, एवढंच लिहा.

वहिनी

—

१ एप्रिल

वहिनी,

जबाब मागे घ्या. "माझा गैरसमज झाला" एवढं एक वाक्य लिहून पाठवा. ओळंब्याने काही केलेलं नाही, याची मला खात्री आहे. कारण आत्ता विचारू नका.

किल्ली आहे तिथे राहू द्या. तुमची तब्येत कशी आहे? औषधं वेळेवर घेता ना?

भावजी

—

५ एप्रिल

भावजी,

माझी तब्येत उत्तम आहे. औषधांची चौकशी करून माणूस विषय बदलतो, हे मला कळण्याइतकी ती चांगली आहे.

मी हो किंवा नाही विचारलं होतं, तुम्ही दोन्हीपैकी काहीच लिहिलं नाहीत. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, ही आपल्या घरची रीत नव्हे. म्हणून मीच घराबाहेर पडले.

आयाबाईला भेटले. तिच्या लेकीच्या खोलीत असते, पायाला वजन लावलेलं. मी कोण हे सांगितल्यावर लेकीने दारच अडवलं. आयाबाई आतून ओरडली, "येऊ दे गं, तिने थोडीच लिफ्ट पाडली?" मला म्हणाली, "डिसेंबरपासून लिफ्ट करकरत होती. आम्ही म्हणायचो, माणूस येईपर्यंत जिन्याने जाऊ. मग जानेवारीत मॅडमनी दाखला भिंतीला लावला. म्हणाल्या, बघा, आता खुशाल वापरा. म्हणून बसले." मी विचारलं, तपासणारा माणूस कुणी पाहिला का. ती म्हणाली, "नाही बाई. आला असेल माझी पाळी नसताना."

येताना कोपऱ्यावर ओळंबा भेटला. काम नाही, तर सायकलच्या दुकानासमोर नुसता उभा. मी म्हटलं, "खरं काय ते बोलून टाका आता."

म्हणाला, "मला जे ठाऊक आहे ते मी बोलणार नाही. तुम्ही माझ्यावर ढकललंत, ठीक आहे. माझ्यावरच राहू दे."

"का? भीती वाटते?"

"वाटते," म्हणाला. "पण माझी नाही."

याचा अर्थ मी असा लावते की तो कुणाला तरी वाचवतोय. त्याने कुणाला वाचवावं? त्याच्या ओळखीत ही वही आतून बाहेरून जाणणारा एकच माणूस आहे. तो औषधं वेळेवर घ्या म्हणतो, किल्लीला हात लावू नका म्हणतो, कारण विचारू नका म्हणतो. वही तुमची, प्रोग्रॅम तुमचा, हिरवं-लाल दाखवणारी चाळणीही तुम्हीच पाठवलेली. भावजी, तुमच्यावर संशय घ्यायला माझं मन घेत नाही, पण माझं मन आजकाल बऱ्याच गोष्टी घेत नाही आणि त्या खऱ्या निघतात.

१२ तारखेपर्यंत सरळ उत्तर आलं नाही तर खात्याला दुसरा जबाब देईन. त्यात तुमचं नाव असेल.

वहिनी

—

८ एप्रिल

वहिनी,

सरळ उत्तर देतो. ते वाचताना जवळ कुणीतरी असू द्या.

तुम्ही विचारलं होतंत, किल्ली आधी दाबली आणि वहीने नंतर घेतली असं होतं का. होतं. सही करणं वेगळं आणि पाठवणं वेगळं. सही करायला किल्ली लागते. सही केलेली नोंद, आम्ही तिला चिठ्ठी म्हणतो, ती पाठवायला काहीच लागत नाही. पत्रावर सही करून पाकीट टेबलावर ठेवलं, तर ते पेटीत कुणीही टाकू शकतं, तसंच. आणि दाखल्यावर जी तारीख दिसते ती सहीची नसते. चिठ्ठी पोचली की तारीख वही घालते.

वहीत फक्त घेतलेल्या नोंदी राहतात. पण आमचं यंत्र परत फेकलेल्या चिठ्ठ्यासुद्धा नव्वद दिवस बाजूला ठेवतं. मार्चमध्ये तुमचं पत्र आल्यावर मी त्यात शोधलं. २० जानेवारीला सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी दोन चिठ्ठ्या एकापाठोपाठ आल्या. दोन्ही त्याच लिफ्टच्या. दोन्हींवर दादाची सही. दोन्हींचा क्रमांक ६११. पहिलीत 'योग्य', दुसरीत 'अयोग्य'. पहिली घेतली गेली. क्रमांक संपला, म्हणून दुसरी परत फेकली.

दोन्ही तुमच्या घरच्या जोडणीवरून आल्या. म्हणून मी विचारलं होतं, घरी कोण होतं.

दोन चिठ्ठ्या का, हेही सांगायलाच हवं. दादा किल्ली घराबाहेर नेत नसे. हरवली तर, या भीतीने. पण दाखला तर जागेवरूनच पाठवायचा असतो. म्हणून तो सकाळी घरीच दोन्ही चिठ्ठ्यांवर सही करायचा, योग्य आणि अयोग्य, एकाच क्रमांकाच्या. त्यांची प्रत फोनमध्ये घालून न्यायचा, लिफ्ट तपासायचा आणि खरी असेल तीच पाठवायचा. एक गेली की दुसरी आपोआप बाद. खोटं यात काही नव्हतं. पण पाहण्याआधी सही करणं नियमात बसत नाही. ओळंब्याला हे माहीत होतं, दोघांची त्यावरून भांडणं व्हायची. लॅपटॉप तो त्यासाठीच मागत होता. त्या दोन चिठ्ठ्या तिथे पडून असतील, असं त्याला वाटलं असणार.

त्या ९ तारखेला दादा प्रसूतिगृहाकडेच निघाला होता. पोचला नाही. ती लिफ्ट कुणी तपासलीच नाही, वहिनी.

२० तारखेला काय झालं ते मी विचारत नाही.

भावजी

—

११ एप्रिल

भावजी,

जवळ कुणी नव्हतं. बरं झालं.

तुम्ही विचारत नाही, पण मी सांगते. हे गेल्यापासून लॅपटॉप रोज सकाळी टिंग करायचा. मी झाकण उघडलं की कोपऱ्यात पट्टी यायची: 'दोन नोंदी पाठवायच्या बाकी आहेत.' मी झाकण लावून टाकायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. यांनी आयुष्यात कुणाचं काम बाकी ठेवलं नाही आणि ते यंत्र रोज मला सांगत होतं, बाकी आहे, बाकी आहे. बहीण गेल्यावर घर फारच गप्प झालं होतं. २० तारखेला मी पट्टीवर बोट ठेवलं. आत नुसते आकडे होते, ६११ आणि ६११. खाली लिहिलं होतं, 'सर्व पाठवा'. मी पाठवलं. एकापुढे हिरवी खूण आली, एकापुढे लाल. वाटलं, नेट गेलं असेल. एक तरी पोचलं म्हणून बरं वाटलं. खरंच बरं वाटलं हो. त्या दिवशी मी पहिल्यांदा पोटभर जेवले.

नंतर सगळे किल्ली किल्ली करत राहिले. किल्लीला मी हात लावला नव्हता, म्हणून माझा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. वळसा घालता घालता एका भल्या माणसाला मी चोर ठरवलं.

आणि माहीत नव्हतं असंही नाही. कामाला निघण्याआधी रोज त्या खोलीतून किल्लीचा आवाज यायचा, टुक, आणि थोड्या वेळाने परत टुक. मी म्हणायचीसुद्धा, "एकदा दाबून भागत नाही का?" ते म्हणायचे, "दोन्ही बाजूंनी तयारी असलेली बरी." मला वाटलं, यंत्रच तसलं असेल.

ती परत फेकलेली चिठ्ठी मला हवी. तुमच्या कंपनीच्या शिक्क्यासह, वेळेसह. १८ च्या आत.

एक प्रश्न राहतो. एकाच क्रमांकाच्या दोन चिठ्ठ्या करायच्या, एक गेली की दुसरी बाद. ही युक्ती यांना कुणी सांगितली? हे दोरातले जाणकार होते, वहीतले नव्हते.

वहिनी

—

१४ एप्रिल

वहिनी,

चिठ्ठी सोबतच्या पाकिटात आहे. शिक्का, वेळ, सगळं. त्यातली सही तुमच्या प्रोग्रॅमवर तपासून बघा, जुळेल.

तुमचा प्रश्न. मीच. तीन वर्षांपूर्वी, तुमच्याच घरी. दादा म्हणाला, किल्ली बाहेर न्यायची नाही तर दाखला जागेवरून कसा पाठवू. मी हसत हसत सांगितलं, त्यात काय, दोन्ही सही करून ने. फार हुशारी केल्यासारखं वाटलं होतं तेव्हा. तारखेचा रकाना सहीच्या आत असता तर ९ तारखेची सही वहीने २० तारखेला घेतलीच नसती. तो रकाना नको असंही मीच ठरवलं होतं, फॉर्म आटोपशीर दिसावा म्हणून. हे कंपनीला माहीत नाही.

आता जे लिहितो ते वाचून तुम्ही मला काय म्हणाल ते म्हणा. आमच्या यंत्राचे नव्वद दिवस २० एप्रिलला भरतात. त्या दिवशी परत फेकलेल्या चिठ्ठ्या आपोआप पुसल्या जातात. पाकीट तुम्ही दिलं नाहीत तर दुसरी चिठ्ठी होती हे कुणाला कधीच कळणार नाही. तुम्ही फक्त जबाब मागे घ्या. मग ओळंब्याविरुद्ध पुरावा असा काही उरत नाही. फार तर जोडीदार म्हणून निष्काळजीपणाचा ठपका आणि सहा महिने परवाना बंद. तो तयार आहे, मी त्याच्याशी बोललो. दादाच्या सहाशे दहा दाखल्यांवर डाग लागणार नाही. तुमच्यावर काही येणार नाही.

आणि माझ्यावरही नाही, हे तुम्ही लिहायच्या आधी मीच लिहितो.

पाकीट द्यायचं की नाही, ते तुमच्या हातात.

भावजी

—

१९ एप्रिल

भावजी,

पाकीट दिलं.

कसं झालं ते लिहिते, नाहीतर तुम्हाला दुसऱ्यांकडून कळेल. लांबट खोली होती, एक टेबल, समोर अधिकारी बाई, वयाने माझ्यापेक्षा लहान. एका खुर्चीवर ओळंबा, इस्त्रीचा शर्ट घालून. मला बघून त्याने मान हलवली, नको म्हणून. मी पाकीट टेबलावर ठेवलं.

बाईंनी वाचलं. शेजारच्या माणसाकडून सही तपासून घेतली. हिरवं आलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्हणजे तुमचे पती लिफ्ट न बघता सही करत?"

मी म्हटलं, "बघायच्या आधी करत. बघून मग पाठवत. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत."

"कायद्याने नाही."

"असेल. मी कायदा शिकले नाही. पण ते त्या लिफ्टपर्यंत पोचले असते तर 'अयोग्य' गेली असती. दोर बघून आल्यावर खोटं लिहिणारा माणूस नव्हता तो."

"आणि पाठवलं कुणी?"

"मी."

"का?"

भावजी, याचं उत्तर मी घरून तयार करून नेलं होतं. चांगली चार वाक्यं होती. तिथे एकही आठवलं नाही. मी म्हटलं, "बाकी राहिलंय असं रोज म्हणत होतं ते."

बाई बराच वेळ लिहीत होत्या. माझा आधीचा जबाब खोटा ठरला, हे त्यांनी मोठ्याने वाचलं. मी हो म्हटलं. ओळंब्याचा परवाना त्यांनी तिथल्या तिथे मोकळा केला. यांचा परवाना मरणोत्तर रद्द. गेल्या तीन वर्षांतले यांचे सगळे दाखले संशयित धरायचे आणि त्या लिफ्ट पुन्हा तपासायच्या, असा हुकूम. दोनशे चौदा लिफ्ट आहेत. ६११ पुसता येत नाही. तिच्याखाली माझं म्हणणं जोडतील, नऊही ठिकाणी. माझ्यावर काय ते महिन्याभरात कळवणार आहेत. दंड असेल, किंवा आणखी काही. आयाबाईच्या लेकीला मी सुनावणीच्या आधीच जाऊन सांगितलं होतं. तिने या वेळी दार अडवलं नाही, लावून घेतलं. आतून आयाबाईचा आवाज आला नाही.

बाहेर व्हरांड्यात ओळंब्याने मला गाठलं. मला वाटलं, सुटला म्हणून काहीतरी बरं बोलेल.

"कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" म्हणाला. "सहा महिने मी घरी बसलो असतो. त्याचं नाव राहिलं असतं. सव्वीस वर्षांचं नाव, वहिनी! एका सकाळीत घालवलंत."

मी म्हटलं, "तुमचंही नाव आहे."

"माझं काय करायचंय? तो गेलाय, त्याला आता दुसरं मिळवता येणार नाही."

मी म्हटलं, "माझ्यावर रागावा. पण त्या दोनशे चौदा लिफ्ट कुणी अनोळखी माणसाने तपासाव्यात असं मला वाटत नाही. अर्ज तुम्ही करा."

तो जिना उतरून गेला. आज सकाळी भाचीकडून कळलं, अर्ज केलाय.

आता तुमचं. दोन चिठ्ठ्यांची युक्ती यांना कुणी शिकवली, हे बाईंनी विचारलं. मी म्हटलं, मला ठाऊक आहे, पण ते सांगणं माझं काम नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा तेच सांगितलं. तुम्हाला वाचवलं असं समजू नका. तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. उद्या २० तारीख आहे, त्या चिठ्ठ्या पुसल्या जातील, आणि कधीकाळी तुम्ही म्हणाल की वहिनीचाच गैरसमज झाला होता, अशीही एक शंका मनात आहे. संशयाची सवय लागली की लवकर सुटत नाही.

तुमचं १४ तारखेचं पत्र माझ्या कपाटात आहे. त्यात तुम्ही सगळं कबूल केलंय, खाली तुमची सही आहे. मी ते पाकिटात घालून खात्याला पाठवू शकते. पाठवणार नाही. दुसऱ्याने लिहून ठेवलेलं त्याच्या मागे पाठवून देण्याचं काम मी एकदा केलंय, त्याचं काय झालं ते दोघांनाही माहीत आहे. तुमचं तुम्ही लिहा आणि तुम्हीच पाठवा.

अधिकारी बाईंच्या कचेरीचा पत्ता या कागदाच्या मागच्या बाजूला लिहिला आहे.

वहिनी